बरगड्या दिसणारा कुत्रा: एका कारवान हाउंडची ओळख पटण्याचं प्रकरण

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीत राहणाऱ्या जोडप्याने सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्यामागून हा कुत्रा आणला, तेव्हा तो खरोखरच उपाशी होता. गळ्यात तुटलेली दोरी, कानांत गोचीड, पंजात रुतलेले सराटे. त्यांनी त्याला घरी ठेवलं, जंताचं औषध दिलं, लशी टोचून घेतल्या आणि मनापासून खाऊ घातलं. पहिल्या तीन महिन्यांत वजन १८ किलोवरून २३ किलोवर आलं आणि तिथेच थांबलं. मग चिकन वाढलं, अंडी वाढली, वजन वाढवणारी पावडर आली. काटा हलेना. बरगड्या दिसतच राहिल्या. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं "याला जेवायला देता की नाही?" असं विचारू लागली.

माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तो आला तो या तक्रारीसह, पण तक्रार तेवढीच नव्हती. तो दिवसभर झोपतो. नाव घेऊन हाक मारली तर वळून बघतो, पण येत नाही. पाहुण्यांनी हात लावला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. खालच्या मजल्यावरच्या मुलाने गळ्याला मिठी मारली तेव्हा गुरगुरला, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर 'चावरा' ठरला. आणि एकदा पार्किंगमध्ये मांजर दिसताच गळपट्ट्यातून डोकं काढून असा पळाला की संध्याकाळपर्यंत सापडला नाही.

आधीच्या दवाखान्याचा कागद सोबत होता. त्यावर जातीच्या रकान्यात 'देशी' आणि त्याखाली 'कुपोषित' अशी नोंद होती. जोडीला रक्ताचा अहवाल. त्यात तीन आकड्यांखाली लाल रेघ आणि थायरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठी. गोळ्या अजून सुरू केल्या नव्हत्या. शेजारीपाजारी त्याला डॉबरमॅनचा क्रॉस म्हणत होते, एकाने ग्रेट डेनचं खुरटलेलं पिल्लू ठरवलं होतं. एक कुत्रा, चार ओळखी, आणि प्रत्येक ओळखीबरोबर वेगळा सल्ला.

उभं करून पाहिल्यावर

मी त्याला टेबलावर घेतलं नाही. लांब पायांच्या, अनोळखी स्पर्श नको असलेल्या कुत्र्याला गुळगुळीत टेबलावर चढवलं की त्याचं खरं रूप दिसत नाही, नुसती भीती दिसते. जमिनीवरच, बाजूने पाहिलं.

खांद्यापाशी उंची ६९ सेंटिमीटर. आपल्या रस्त्यावरचा गावठी कुत्रा साधारण गुडघ्याच्या जरा वर येतो. हा मांडीला लागत होता. गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे, तोंड पाचरीच्या आकाराचं आणि शेपूट पाठीकडे वळलेलं असतं. याचं डोकं लांब आणि अरुंद, कानांमध्ये किंचित रुंद, तिथून नाकापर्यंत सलग निमुळतं. कपाळ संपून नाक सुरू होतं तिथे बहुतेक कुत्र्यांना खाच असते. याला ती बोटाला जेमतेम लागेल एवढीच. कान पातळ, गालांना चिकटून लोंबणारे. डोळे मोठे, लांबट गोल, गडद तपकिरी. मान लांब. छाती कोपरापर्यंत खोल उतरलेली आणि तिथून पोट एकदम वर खेचलेलं. कंबरेची दोन्ही हाडं वर आलेली आणि एकमेकांपासून चांगली लांब. पंजे लांबट, कातडी पातळ, केस आखूड, रंग फिकट बदामी. शेपूट खालून निघालेलं, टोकाला हलकं वळण.

यातली कुठलीही एक खूण धरून जात ठरत नाही. लांब तोंड कॉलीलाही असतं, खेचलेलं पोट डॉबरमॅनलाही असतं. पण खोल छाती, निमुळतं डोकं, लोंबते कान, रुंद कंबर आणि लांब पंजे एकाच कुत्र्यात एकत्र आले की समोर नजरेने शिकार करणारा, म्हणजे साईटहाउंड गटातला कुत्रा उभा आहे हे जवळजवळ नक्की होतं. प्रश्न उरतो तो कुठला.

ग्रेहाउंडचे कान मागे घडी घालून मानेला टेकलेले असतात, कंबरेपाशी पाठीला ठळक कमान असते आणि मांड्या गोळीबंद जाड असतात. नराचं वजन सहज तिशीच्या पुढे जातं. हा त्याहून हलका, चपटा आणि सरळ पाठीचा. मात्र पश्चिम महाराष्ट्रात शर्यतींसाठी ग्रेहाउंडशी संकर बरेच झाले आहेत, त्यामुळे कान आणि मांड्या मी दोनदा पाहिल्या. रामपूर हाउंडचं डोकं याहून रुंद आणि जबडा भारी. राजपालयम बहुतेक पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा. तमिळनाडूचा चिप्पीपराई मात्र दिसायला खूप जवळचा आहे, आणि नुसत्या फोटोवरून कुणी दोघांत गल्लत केली तर मी त्याला दोष देणार नाही. इथे सोलापूर रस्ता मदतीला आला. सांगोला, मंगळवेढा, जत, आटपाडी आणि त्यांना लागून असलेले कर्नाटकातले विजयपूर, बागलकोट हा सगळा माळ कारवान या शिकारी कुत्र्याचा आहे. लातूरकडेही ही कुत्री आहेत. आखूड केसांचा तो कारवान आणि कान, शेपूट, पाय यांवर रेशमी झालर असलेला तो पश्मी, असं या भागात सांगतात.

या जोडप्याने घरी जाऊन शोधाशोध केली आणि 'मुधोळ' व 'कारवान' या दोन जाती की एक, या गोंधळात अडकले. त्यात त्यांची चूक नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. मुधोळ हे बागलकोट जिल्ह्यातलं गाव, एके काळचं घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी आसपासच्या लोकांकडची ही कुत्री पाहून त्यांची निगुतीने पैदास केली, म्हणून ते नाव चिकटलं. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांतही मुधोळ आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला आणि त्यानंतर शहरातल्या फ्लॅटमध्ये या कुत्र्याची चौकशी वाढलेली मी स्वतः पाहिली. देशी जात घरात यावी हे मला मनापासून हवं आहे. पण हा माळावरचा कुत्रा आहे हे कुणीतरी घेणाऱ्याला सांगायला हवं.

उपाशी की घडणच तशी?

मी जोडप्यातल्या ताईंना विचारलं, की सोसायटीत हा आपणहून कुणाकडे जातो का? त्या म्हणाल्या, फक्त रखवालदार काकांकडे. काका सांगोल्याकडचे. पुढच्या भेटीला त्या त्यांना घेऊन आल्या, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला.

काकांनी कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्याच्याकडे कूस करून उभे राहिले, हात खाली सोडला आणि थांबले. कुत्रा आला, हात हुंगला, टेकून उभा राहिला. मग काकांनी कंबरेच्या दोन हाडांमधलं अंतर वितीने मापलं, मांडी दाबली आणि म्हणाले, "ताई, ह्यो उपाशी न्हाई, कारवानी हाय. आमच्याकडं असल्याच्या अंगावर मांस चढलं तर कुत्रं बिघडलं म्हणत्यात."

मांडी दाबून पाहणं हीच इथली खरी तपासणी आहे. उपासमार झालेल्या कुत्र्याचं शरीर चरबी संपली की स्नायू खायला लागतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, डोळ्यांच्या वरचा भाग आत जातो, मांडी लिबलिबीत होते, केस रुक्ष होऊन गळतात. या कुत्र्याच्या शेवटच्या तीनचार बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसत होती, पण कण्याच्या कडेने स्नायूंच्या दोरखंडासारख्या दोन पट्ट्या होत्या, मांडी कठीण होती, केसांना चमक होती, हिरड्या गुलाबी होत्या. मुधोळच्या प्रौढ नराची उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि वजन २२ ते २८ किलो धरतात. हा ६९ सेंटिमीटर आणि २३ किलो. म्हणजे काटा थांबला होता तो जिथे थांबायला हवा तिथेच. आम्ही डॉक्टर कुत्र्याच्या अंगलोटीला जे गुण देतो ते लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड डोळ्यांसमोर ठेवून द्यायची सवय झाली आहे. त्या मोजपट्टीवर कुठलाही निरोगी कारवान कुपोषितच ठरेल.

आणि हे अति खाऊ घालणं निरुपद्रवी नव्हतं. शौच सतत पातळ होती, आणि भरलेल्या पोटाने तो संध्याकाळी गच्चीवर धावत होता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. वेळेत उपचार झाले नाहीत तर काही तासांत जीव जाऊ शकतो. मला बरगड्यांपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली.

लाल रेघेखालचे तीन आकडे

अहवालात लाल रक्तपेशींचं प्रमाण ५८ टक्के होतं. प्रयोगशाळेची मर्यादा ३७ ते ५५. प्लेटलेट १ लाख ३० हजार, म्हणजे कमी. थायरॉइडचं टी-फोर हे संप्रेरक ०.७, म्हणजे तेही कमी.

ग्रेहाउंड आणि त्याच्या गटातल्या जातींवर जगभर भरपूर काम झालं आहे. त्यांच्यात लाल पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात, प्लेटलेट कमी असतात आणि टी-फोर निरोगी असतानाही खालीच असतो. धावण्यासाठी घडलेल्या शरीराचं ते रोजचं रक्त आहे. तेव्हा तिन्ही आकडे एका झटक्यात 'जातीमुळे' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण इथेच मला थांबावंसं वाटतं. जात कळली की प्रत्येक लक्षण तिच्या खात्यावर टाकायचा मोह होतो, आणि ती चूक 'कुपोषित' लिहिण्याइतकीच वाईट आहे.

प्लेटलेट कमी असण्याचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण गोचीड ताप आहे, आणि हा कुत्रा सापडला तेव्हा त्याच्या कानांत गोचीड होते. हा ताप आणणाऱ्या एर्लिकिया या जंतूचा जुना संसर्ग महिनोन्‌महिने बाहेरून काही न दाखवता आत राहू शकतो. म्हणून रक्ताचा थर काचेवर पाहिला, गोचीड तापाची तपासणी केली आणि प्लेटलेट यंत्राऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. संसर्ग आढळला नाही. तरी महिन्याने पुन्हा मोजल्या. आकडा जवळपास तोच. आता तो त्याचा नेहमीचा आकडा म्हणून फाइलवर लिहायला हरकत नव्हती.

टी-फोरचं कोडं सोपं होतं. थायरॉइड खरोखर मंदावलेला कुत्रा जाड होतो, केस झडतात, कोलेस्टेरॉल वाढतं, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच बहुधा वर जातं. याचं टीएसएच आणि कोलेस्टेरॉल दोन्ही योग्य, केस दाट. मुळातच सडपातळ कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या असत्या तर तो आणखी वाळला असता आणि बेचैन झाला असता, मग त्या वाळण्यावर पुन्हा खाणं वाढलं असतं. चिठ्ठी रद्द केली.

स्वभाव पाहताना

बांध्याने गट सांगितला, जात बऱ्यापैकी सांगितली. पण या घराला ज्याचा त्रास होत होता ते वागणं होतं, आणि ते मी मोकळ्या मैदानात पाहिलं. चारी बाजूंनी जाळी असलेलं क्रिकेटचं मैदान सकाळी लवकर अर्ध्या तासासाठी मिळालं.

दोर सोडल्यावर गावठी कुत्रा पहिल्यांदा नाक जमिनीला लावतो. कोण येऊन गेलं, काय सांडलं आहे, याची खबर घेतो. याने मान वर केली आणि उभा राहिला. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने उडाली. मला ती दिसली तोवर हा निघाला होता. वेग पकडल्यावर एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा शरीर ताणलेलं असताना आणि एकदा गोळा झालेलं असताना. ही धाव पाहिलेल्या माणसाला त्या बरगड्यांचं आणि त्या कंबरेचं कारण विचारावं लागत नाही. दोन फेऱ्या मारून तो आला, ताईंपासून काही हातांवर बसला आणि निवांत झाला. दिवसभराच्या झोपेला 'सुस्ती' म्हणत होते, तीही यातच आली. क्षणात पूर्ण ताकद ओतायची आणि उरलेला वेळ ती साठवायची, ही त्याची रीत आहे.

हाक मारल्यावर न येणं हेही तसंच. मेंढरं वळवणारा किंवा मारलेला पक्षी आणून देणारा कुत्रा क्षणोक्षणी माणसाकडे बघत काम करतो. ससा दिसल्यावर मागे वळून परवानगी मागणारा शिकारी कुत्रा मात्र कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या स्वतः निर्णय घेणारीच कुत्री पुढे ठेवली गेली. त्याला आज्ञा कळत नाही असं नाही. समोर हलती वस्तू असताना ती त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. मैदानात काही हलत नव्हतं तेव्हा तो तिसऱ्या हाकेला आला.

गुरगुरण्याचं प्रकरण मात्र मी हलक्यात घेतलं नाही. आधी दुखणं नाही ना, हे मान, कान, कंबर, दात सगळीकडे हात लावून पाहिलं. दुखणं नव्हतं. अनोळखी हात आला की तो आधी मान फिरवायचा, मग ओठ चाटायचा, मग उठून जायचा. मुलाने गळ्याला मिठी घातली तेव्हा उठून जायला जागाच नव्हती, म्हणून गुरगुरला. म्हणजे त्याने इशारा दिला, आणि चावला नाही. कारवान परक्याचा स्पर्श सहसा टाळतो आणि घरातल्या एकदोघांनाच जीव लावतो, हे पाळणारी माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. त्यात खाली धरलेली शेपूट पाहून लोक त्याला भेदरलेला समजतात आणि धीर द्यायला आणखी जवळ जातात. त्याची शेपूट मुळातच खालून निघते. भीती ओळखायची तर कान, पाठीचा बाक आणि अंगाचं वजन मागच्या पायांवर गेलंय का, हे पाहावं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास आला, आणि त्यात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता आला. म्हणून 'कारवान आहे, म्हणजे असाच वागणार' असं मी त्यांना सांगितलं नाही. क्रम उलटा ठेवला. आधी हा कुत्रा काय करतो ते पाहिलं, मग ते त्या जातीच्या कामाशी जुळतं का ते तपासलं. इथे जुळलं. एखादा कारवान गर्दीत लोळण घेणाराही निघेल, आणि त्याला बळेच अलिप्त ठरवण्यात अर्थ नाही.

काय बदललं

पावडर बंद केली. खाणं दोन वेळा, मोजून, आणि धावण्याच्या आधी व नंतर तासभर पोट रिकामं. काकांनी ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून द्यायला सांगितलं होतं. त्यांच्याकडे कुत्री त्यावरच वाढतात. मी भाकरी ठेवली, जोडीला अंडं आणि थोडं मांस ठेवलं. शौच आठवड्यात घट्ट झाली.

गळपट्टा बदलला. या कुत्र्यांची मान जवळजवळ डोक्याइतकी जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढलं की कानांवरून सुटतो. रुंद, ओढल्यावर मर्यादेतच आवळणारा पट्टा आणि छातीवरचा हार्नेस, दोन्ही एकत्र. मोकळं सोडायचं ते फक्त जाळीच्या आत. हे मांजरांसाठी आहे तसं त्याच्यासाठीही, कारण तो ज्या वेगाने रस्त्यावर येईल त्या वेगाने गाडीवाल्याला ब्रेक लावता येणार नाही. आणि गावाकडे नेलं तरी शेतात ससा दिसला म्हणून सोडायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती शिकार आहे, धरणारे दात कुत्र्याचे असले तरी.

झोपायला जाड गादी, कारण कोपरांना कातडीखाली अस्तर नाही आणि फरशीवर घट्टे पडू लागले होते. पुण्याच्या डिसेंबरात अंगावर कापड. सोसायटीतल्या मुलांना एका संध्याकाळी काकांनी शिकवलं, की कुशीने उभं राहायचं, हात खाली, त्याने हुंगेपर्यंत थांबायचं. ग्रुपवरची तक्रार त्यानंतर पुढे गेली नाही.

शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला जो या कुत्र्याबाबत सगळेच विचारतात: शुद्ध आहे का, आणि तसं लिहून द्याल का? लिहून दिलं नाही. आईबाप माहीत नसलेल्या कुत्र्याची शुद्धता डोळ्यांनी ठरत नाही. नजरेने सांगितलेली जात आणि डीएनए तपासणी अनेकदा जुळत नाही, हे संकर कुत्र्यांबाबत वारंवार दिसलं आहे. आणि डीएनए तपासणीही तिच्या संग्रहात ज्या जातींचे नमुने आहेत त्यांच्याशीच तुलना करू शकते. माझ्या फाइलवर जातीच्या रकान्यात आता 'कारवान प्रकारचा, वंशावळ अज्ञात' असं आहे. पैदाशीसाठी ते पुरेसं नाही, आणि त्यांना पैदास करायचीही नव्हती. त्याला वाढवायला ते पुरेसं आहे.

त्या रकान्याशेजारी लाल शाईने आणखी एक नोंद केली आहे, कारण पुढच्या महिन्यात त्याची नसबंदी ठरली आहे आणि त्या दिवशी मी नसलो तर दुसऱ्या कुणाला ती वाचावी लागेल: थायोपेंटोन हे भुलीचं औषध देऊ नये, साईटहाउंडच्या यकृतात ते फार हळू निघून जातं आणि कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही, भूल प्रोपोफॉल आणि आयसोफ्लुरेनने द्यावी, अंगात चरबी नाही, म्हणून शस्त्रक्रिया सुरू असताना आणि नंतर शरीराचं तापमान सतत पाहावं, प्लेटलेटचा नेहमीचा आकडा १ लाख ३० हजार.